तारखेचा रकाना

गल्लीत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. एकदा शेजारच्या काकू तिच्यापुढे गुडघा उघडा करूनच बसल्या, तेव्हा आईने सांगून टाकलं, "अहो, ही माणसांची नाही, जुन्या कागदांची डॉक्टर!" खोटं नव्हतं ते. दोनशे वर्षांपूर्वी साध्यासुध्या लोकांनी सरकारदरबारी केलेले अर्ज वाचण्यात तिची सात वर्षं गेली. पीएचडी मिळाली, कॉलेजात नोकरी मात्र मिळेना. शेवटी ती नगरपालिकेच्या संगणक विभागात लागली. भाऊ म्हणाला, "ताई, अंगावरची धूळ झटकून जा बरं का!"

काम चांगलं होतं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्स पाठवायची होती आणि त्यासाठीचा ऑनलाइन अर्ज तयार करायचा होता. विभागप्रमुखांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते येताजाता प्रत्येकाच्या चुका काढत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, कोणते रकाने सक्तीचे ठेवायचे? बाकीची मंडळी धडाधड बोलत होती. हिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण 'आजार कधीपासून?' हा रकाना आला आणि बाईंची कळी खुलली.

"इथे तारीख सक्तीची हवी. बिनतारखेच्या कागदांनी मला सात वर्षं छळलंय."

मास्तरांनी मान डोलावली. त्या दिवशी ती तरंगतच घरी गेली.

तीन महिन्यांत सहाशे चौदा अर्ज बाद झाले. तारखेच्या जागी आकडे नसले की संगणक अर्ज आपोआप बाजूला टाकायचा, आणि बाद अर्ज वाचतंय कोण? पण हिची खोड जुनी. हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ती खाली ठेवत नसे. सगळे छापून घेऊन चार दिवस ती वाचत बसली.

'धाकटीचं लग्न झालं त्या हिवाळ्यापासून.' 'कारखाना बंद पडला तेव्हापासून.' 'आधी चष्मा विसरायची, मग घराचा रस्ता.' आणि एका आजोबांचं, 'एका सकाळी ती मला म्हणाली, तुम्ही कोण?'

तिच्या जुन्या कागदांतले लोकसुद्धा असंच लिहायचे की! त्यावर हिने तीनशे पानं खरडली होती, आणि जिवंत माणसं लिहायला लागली तेव्हा त्यांच्याच तोंडावर दार लावलं. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

शुक्रवारी बाद अर्ज कायमचे बंद होणार होते. गुरुवारी ती मास्तरांपुढे उभी राहिली.

"चूक माझी आहे. तारीख सक्तीची करा असं मीच म्हणाले होते."

"तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण हे उद्या बंद झाले तर सहा महिने त्यांना पुन्हा अर्जही करता येणार नाही."

मास्तरांनी वरची चार पानं वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "रकाना मोकळा करतो. पण इतक्या लोकांना फोन कोण करणार?"

"मी."

पहिला फोन तिने त्या आजोबांना लावला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आजोबा, तुमचा अर्ज घेतलाय आम्ही! तारखेची काही गरज नाही आता."

"तारीख आहे की आता, बाळ," आजोबा शांतपणे म्हणाले. "मागचा मंगळवार. त्या दिवशी गेली ती."

हिने अर्जावर मंगळवारची तारीख लिहिली.

"लिहून घेतलंस का?" आजोबांनी विचारलं.

"घेतलं," ती कशीबशी म्हणाली आणि फोन ठेवून सगळ्यांदेखत रडली. मास्तरांनी खुर्ची ओढली, निम्मा गठ्ठा स्वतःकडे घेतला आणि पुढचा नंबर फिरवला.