आत्याच्या तुकड्यापेक्षा मोठा नको

माझे वडील सेमिसी यांच्याएवढं मोठं कोनफळ आमच्या गावात कोणी काढत नाही, आणि त्यांच्याएवढं कोणी खातही नाही. रक्तात साखर निघाली तेव्हा नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि समजावलं, "कंद बंद करा असं म्हणत नाही मी. आधी पालाभाजी आणि मासा, मग कोनफळ, तेही तळहाताएवढं." वडिलांनी मान डोलावली आणि घरी येऊन अर्धं कोनफळ चेपलं. आईनं सांगितलं, पाद्रीबाबांनी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग शिंपल्यानं त्यांच्या पायाचा अंगठा चिरला. जखम भरेना. साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, असं नर्सबाई मला स्पष्टच बोलल्या. मी रडत लोसालिने आत्याकडे गेले. आमच्या टोंगा बेटांवर बहिणीपुढे भाऊ ब्र काढत नाही. दोघं एका खोलीत बसून जेवतसुद्धा नाहीत, इतका तिचा मान.

आत्याला साखरबिखर काही नाही, आणि कोनफळ म्हणजे तिचा जीव की प्राण. "रड आवर गं," ती म्हणाली. "रविवारी येते मी."

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर जमिनीतली भट्टी उघडली. वडिलांनी सगळ्यात मोठं कोनफळ आत्यासाठी आत पाठवलं. तिनं आधी भाजी-मासा खाल्ला, मग कोनफळाचा तळहाताएवढा तुकडा ठेवून बाकीचं परत धाडलं. आणि पडवीत जेवणाऱ्या वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "फिफिता, तुझ्या बापाला विचार, आत्यापेक्षा मोठा तुकडा घ्यायची पद्धत कधीपासून पडली?"

मी बाहेर डोकावले. वडील हातातल्या भल्यामोठ्या तुकड्याकडे बघत होते.

"सांग तिला, पडली नाही," ते पुटपुटले. "आणि ती सुरी आण इकडे."

आई तोंड फिरवून हसली.

आत्या दर रविवारी येऊ लागली. मधल्या दिवसांत तिचा निरोप यायचा, "मी आज एवढंच खाल्लं." वडील चरफडायचे, आईवर खेकसायचे, पण तेवढंच घ्यायचे. गोळ्याही मुकाट्यानं गिळायचे. पट्टी मी बांधायचे. जखम हळूहळू भरत आली आणि एक दिवस नर्सबाई म्हणाल्या, अंगठा वाचला. मला नाचावंसं वाटलं.

त्या रविवारी वडील मला म्हणाले, "आत जाऊन सांग, आता तरी पोटभर खा म्हणावं. तिला कुठे साखर आहे?"

मी सांगितलं. आत्यानं तेवढाच तुकडा कापून घेतला.

"त्याला म्हणावं, एकच भाऊ दिलाय मला देवानं. तो आहे तोवर मला एवढं पुरे."

निरोप घेऊन मी बाहेर आले. वडिलांनी तो ऐकलाच होता. ते डोळे पुसत होते आणि ताटातला तुकडा सावकाश, चवीनं खात होते.