ब्रेक धरंना

केर्ली गाव मागं पडलं तेव्हा शालूबाईचे गुडघे बोलायला लागले होते. उचगाव सोडून चार तास होत आले होते. बहिणीचा मुलगा कृष्णात तिच्या चपला पिशवीत घालून दोन पावलं मागं चालत होता. ती अनवाणी, म्हणून तोही अनवाणी.

"बस की जरा, मावशी. देव काय पळून चाललाय व्हय?"

"बसले तर उठायची न्हाई मी. चल तू गुमान."

पाच रविवार जोतिबाला चालत येईन, असं शालूबाई देवाला बोलली होती. कृष्णातचं लग्न जमत नव्हतं म्हणून. हा तिसरा रविवार. मावशीला चालवत नाही, हे बघून तोच आज सोबत आला होता.

पोरात वाईट असं काही नव्हतं. बाप गेला तेव्हा नववीत होता. आयटीआय केलं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर लागला, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं, बहिणीला उजवलं. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नाद एकच, गियरच्या जाड टायरवाल्या सायकलीचा. शेजारचा राजवीर, हार्डवेअरवाला केतन, सम्राट आणि हा. सुट्टी आली की केतनच्या टेंपोत सायकली घालून डोंगरावर जायचं, जोतिबाचं दर्शन घ्यायचं आणि कुशिऱ्याच्या बाजूनं मुरमाड वाटेनं खाली सुटायचं.

"चढायला टेंपो आन् उतरायला सायकल. ह्याला व्यायाम म्हणत्यात?" असं शालूबाई हसायची.

"मावशी, एकदा मागं बसून बघ, मग कळंल," राजवीर म्हणायचा.

"तुझ्या सायकलीला मागं बसायला जागा तरी हाय का रं?"

"म्हणून तर बोलावतोय."

चौघांच्या सायकली खोलायचा, जोडायचा कृष्णातच. म्हणून दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दिवशी, राजवीर त्या उतारावर पडून गेला आणि कृष्णात दवाखान्याच्या दारात म्हणाला, "ब्रेक मीच कसलाता, चुकलं माझं," तेव्हा सगळ्या गल्लीला ते पटलं.

राजवीरची आई रत्नाबाई. एकुलता एक गेला. शालूबाई रोज सकाळी तिच्याकडं दूध घालायची. कृष्णात गल्लीतून जाताना दिसला की रत्नाबाई दारात यायची. "खाल्लंस न्हवं माझं लेकरू? भरलं का पोट?" तो मान खाली घालून जायचा. शालूबाईनं त्याची बाजू घेतली की रत्नाबाई आठ आठ दिवस तिच्याशी बोलायची नाही. मुलीकडचे पाहुणे यायचे, गल्लीत चौकशी करायचे आणि चहा न घेताच परत फिरायचे.

कुशिरं सोडल्यावर चढ लागला. एका वळणावर कृष्णात थांबला. एका बाजूला घळ, दुसऱ्या बाजूला गवत. शालूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि जागा ओळखली. तिनं हात जोडले.

"हितंच?"

त्यानं मान हलवली.

ती मटकन दगडावर बसली. "उद्या मी रत्नाला सांगणार हाय. बास झालं म्हणावं. सगळ्यांचं ब्रेक कसलंस, एकदा चुकलं. माणसाच्या हातनं चुकतं. देवबी माफ करतो."

"चुकलं न्हवतं, मावशी."

"आं?"

"ब्रेक बरोबर हुता. मी अष्टमीला दोनदा बघितलाता."

मग त्यानं सांगितलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. घरोघरी हत्यारं, गाड्या पुसून पूजा. रत्नाबाईनं राजवीरची सायकल खोबरेल लावून पुसली. नवरा विळा-कोयता पुसायचा तशीच. चाकाजवळची ती चकचकीत चकती असते ना, जिला ब्रेक चावतो, ती तर अंगठ्यानं तेल घासून घासून आरशासारखी केली. दोन्ही चाकांची. दसऱ्याच्या सकाळी सायकली टेंपोतनं वर आल्या. ब्रेक लावायची वेळ आली ती थेट उतारावर.

"'ब्रेक धरंना, ब्रेक धरंना' म्हणून वरडाय लागला. त्याला चेष्टेची सवय. आम्ही हसलो, मावशी. मी हसलो."

शालूबाईनं घळीकडं बघितलं.

"खाली उतरून त्याला उचलला. मग सायकलीला हात लावला तर बोटाला तेल. वास घेतला. खोबरेल. माणसं यायच्या आत शर्टानं सगळं पुसून काढलं."

शालूबाईच्या डोळ्यांपुढं ती खंडेनवमीची सकाळ आली. दुधाची किटली घेऊन ती दारात उभी होती आणि रत्नाबाई सायकलीपुढं बसली होती, हातात फडकं, कपाळावर घाम. "अगं, तोंड दिसतंय की ह्यात!" असं शालूबाईच म्हणाली होती. रत्नाबाई केवढी खुलली होती. चकतीला हळदीकुंकवाचं बोट लावून ती सायकलीच्या पाया पडली होती.

"देवा, जोतिबा," एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडात धरून रडली. कृष्णात शेजारी उकिडवा बसून राहिला. वरून उतरणारी चार माणसं गुलालानं माखलेली, "चांगभलं" म्हणत बाजूनं गेली.

डोळे पुसून ती म्हणाली, "आरं, पर तुझा जन्म चाललाय की ह्यात. असा किती दिस ऱ्हाणार? मी हळूच सांगते तिला. समजावून."

"काय समजावशील? तुझ्या हातानं झालं म्हणून?"

शालूबाईनं शेजारची गवताची काडी उपटली.

"दिवसभर कोपऱ्यात बसून असती. जेवत न्हाई, बोलत न्हाई. मी दिसलो की उठून दारात येती, तेवढाच तिचा आवाज निघतो. मी मुद्दाम तिच्या दारावरनं जातो, मावशी. मला एमआयडीसीला जायला दुसरी वाट हाय."

शालूबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ नुसती हाडं झाली होती.

"एक मागू?" तो म्हणाला.

"माग की."

"उद्या दूध घालायला जाशील. ती मला बोलंल. माझी बाजू घिऊ नगंस. व्हय म्हण. तिच्यासंगं दोन शिव्या तूबी दे मला."