कालिपा शिसे मोजते

कालिपा माझी विद्यार्थिनी. रसायनशास्त्रात मी तिला पाचपैकी पाच गुण दिले होते आणि वागणुकीत तीन. पुढे नोकरीतही तिने दोन्ही गुण इमानाने सांभाळले.

आमच्या खोऱ्यातल्या प्रयोगशाळेत ती रक्त, केस, दूध यांतले शिसे मोजते. वरच्या अंगाला शिशाची जुनी खाण आहे, म्हणून हे काम. नमुना आम्लात इतका शिजवायचा की दुधाचे दूधपण जाऊन नितळ पाणी उरते. मग यंत्र त्यातले शिसे सांगते. ते इतके थोडे असते की गालावरच्या पावडरीचा कण पडला तरी आकडा बिघडतो. त्यामुळे तिच्या खोलीत अंगठी, पावडर, बाहेरचे बूट आणि खाणे, सगळ्याला बंदी. आमच्यात पुढे आलेल्या नानचा तुकडा तरी मोडावा लागतो. हिने खुद्द आरोग्याधिकाऱ्यांनी आणलेला नान दारातूनच परत पाठवला. तिची सासू लाजेने चार दिवस घराबाहेर पडली नाही.

गेल्या जूनमध्ये झुराकान आपाचे किमिझ तपासणीला आले. आपा विधवा आहे. घोडीचे आंबवलेले दूध तीन महिने विकायचे, त्यावर वर्ष काढायचे. कालिपाची सही नसेल तर विक्री बंद. आकडा आला मर्यादेच्या नऊपट.

कालिपाने आधी स्वतःवरच संशय घेतला. दूध न घालता नुसते आम्ल तसेच शिजवून मोजले. त्यात काही नव्हते. दूध पुन्हा मोजले, पुन्हा नऊपट. अधिकारी म्हणाले, खाणीजवळचे गवत खातात घोड्या, बंदीचा कागद कर. कालिपाने विचारले, त्याच कुरणातल्या शेजाऱ्याचे किमिझ स्वच्छ कसे, गवत काय फक्त आपाच्याच घोड्यांवर डूख धरते? तिने आठवड्याची मुदत मागून घेतली आणि मला घेऊन उन्हाळी कुरणावर चढली. आपा गुरुजींसमोर खोटे बोलणार नाही, अशी तिची समजूत. आपा माझ्यासमोर जरा जास्तच रंगवून बोलते, हे मी सांगितले नाही.

"आपा, बुधल्यातून थेट माझ्या बाटलीतच ओतलंत ना?"

"पोरी, सरकारला द्यायचं ते धुरकट बुधल्यातलं कसं देऊ? आदल्या दिवशीच चांगल्या घड्यात काढून ठेवलं होतं."

चांगला घडा म्हणजे आईने लग्नात दिलेला, हिरव्या चकचकीत झिलईचा. कालिपा त्याच्याकडे बघत खालीच बसली. आंबट किमिझ झिलईतले शिसे ओढून घेते, हे तिने आपाला दोनदा समजावले.

"म्हणजे माझ्या आईनं मला विष दिलं?"

"आईनं घडा दिला, आपा. किमिझ तुम्ही ओतलंत."

मग कातडी बुधल्यातले किमिझ तिने आपल्या हाताने नव्या बाटलीत भरून नेले. ते स्वच्छ निघाले. चार दिवसांनी सहीचा कागद घेऊन आम्ही पुन्हा वर गेलो. घड्यातले किमिझ विकायचे नाही, एवढी एकच अट होती. आपा म्हणाली, विकायचे कधीच त्यात नव्हते. घरचे, गुराखी, गिऱ्हाईक, सगळे बुधल्यातले पितात. घडा फक्त मानाच्या पाहुण्यांसाठी.

कालिपाने सावकाश विचारले, मानाचे म्हणजे कोण कोण?

आपाने बोटांवर मोजले. इमाम. आरोग्याधिकारी. आणि हे गुरुजी, दर उन्हाळ्यात, एकवीस वर्षे.

"गुरुजी," कालिपा म्हणाली, "उद्या सकाळी या. रक्त द्यायला."

माझ्या रक्तात शिसे निघाले, पण घाबरण्याइतके नाही. इमामांचे माझ्या दुप्पट निघाले, अधिकाऱ्यांचे तिप्पट. त्यांना कालिपाने लगेच तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवले. मला म्हणाली, तुम्हाला काही होत नाही, घरी जा.

एकवीस वर्षांत आपाने मला नेमका किती मान दिला, तो आकडा आता माझ्या खिशात आहे. खरे सांगायचे तर जरा वाईटच वाटले.