पोटातले वाटेकरी

आमचे हे गेले आणि भिवंडीतल्या त्या खोलीत सोबतीला उरली ती शेजारच्या कारखान्यातली लूमची खडखड. मूलबाळ नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एकट्या बाईची लोकांना काळजी कमी आणि चौकशी जास्त. तेरावं झालं, माणसं पांगली. शेलार गावची नणंद तेवढी थांबली.

त्याच सुमारास माझ्या छातीत कफ भरला. गल्लीतल्या डॉक्टरांनी टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल दिल्या आणि विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?" मी म्हटलं, नाही. हृदयाची गोळी मी वर्षानुवर्षं घेत होते, पण आमच्यात रोजच्या गोळीला कोणी औषध म्हणत नाही. औषध म्हणजे आजारी पडल्यावर घेतात ते. गोळी आपली चहाबरोबर जाते.

कफ गेला, पाठोपाठ भूकही गेली. भात शिजायला लागला तरी मळमळायचं. नणंद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मानूस गेला ना तिचा. घास उतरत न्हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? डोळ्यांना पाणी येत नव्हतं, त्याची लाज वाटत होती. निदान पोट तरी त्यांच्यासाठी झुरतंय, असं मी धरून चालले. मग ट्यूबलाइट पिवळी दिसायला लागली, दोरीवरचं ह्यांचं पांढरं धोतर हळदीत बुडवल्यासारखं दिसलं, आणि मी मोरीपाशी कोसळले.

नणंदेने ठाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, ट्यूबलाइटचं ऐकलं आणि आधी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. म्हणाल्या, "काहींच्या आतड्यात असे जंतू असतात, की ते ही हृदयाची गोळी रक्तात जायच्या आधीच मोडून टाकतात. तुमच्या पोटात ते असणार, म्हणून तुम्हाला डोस जास्त लागत होता. कॅप्सूलने ते मारले. आता सगळीच गोळी अंगात जातेय, तिचं विष झालंय. अजून थोडे दिवस घेतली असतीत तर हृदय थांबलं असतं."

"म्हणजे हे दुःखाने नाही?" मी विचारलं.

"दुःखाने ट्यूबलाइट पिवळी दिसत नाही, बाई."

त्यांनी मला ठेवून घेतलं, गोळी थांबवली. हळूहळू रंग जागेवर आले. घरी परतल्यावर नणंदेने सुके बोंबील भाजले, तर तोंडाला पाणी सुटलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. तिने ती वाढली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"बरी झालीस वयनी," ती म्हणाली. "आता जातं मी."

संध्याकाळच्या एसटीने ती गेली. मी दार लावलं. ताटात अर्धी भाकरी होती. ती हातात घेतली आणि तेव्हा कुठे, इतक्या दिवसांनी, हे नाहीत हे मला कळलं. रडू आवरेना, आणि भूकही थांबेना. रडत रडत मी ती सगळी संपवली.