परवानगी न आलेला खटला

माझ्या मामांच्या गावचं गायरान चाकणजवळ होतं. महसूल खात्यातल्या एका मोठ्या साहेबांनी ते एका खासगी गोदामाला देऊन टाकलं. मामा आणि गावातले चारपाच जण कोर्टात गेले. आदेश बेकायदा होता, असा निकाल लागला. तोवर गोदाम उभं राहून तिथे ट्रक लागायला लागले होते. सातबाऱ्यावर नोंद केली म्हणून तलाठी निलंबित झाला. साहेबांवर खटला भरायला मात्र सरकारची परवानगी लागते, आणि ती काही येईना.

हे साहेब आमच्याच सोसायटीत, पिंपळे सौदागरला, राहायला आले. एकदा मामा माझ्याकडे आले असताना लिफ्टमध्येच गाठ पडली.

"सायेब, वळखलं का? गायरानाच्या केसमधला मी."

निकाल लागून गेला होता, तरी साहेब हसून म्हणाले, "हो, हो. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे ना, काका? मग मी त्यावर बोलणं बरं दिसणार नाही. तब्येत कशी आहे?"

मामा घरात येऊन बसले. चहा तसाच गार झाला. मग म्हणाले, "तलाठ्याची बायको आमच्या दारात येऊन रडली, पोरी. आन् ह्यो माझी तब्येत इचारतो."

त्याच महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. झेंडावंदन साहेबांच्या हस्ते करायचं ठरत होतं. मी उठून म्हटलं, "माझा विरोध आहे." कारणही सांगितलं.

चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, त्यांच्यावर आरोपपत्र तरी आहे का?"

"परवानगीच मिळत नाही, तर आरोपपत्र येणार कुठून?"

"मग झालं तर. आणि आपली पाण्याची लाइन कुणी करून दिली, ते विसरू नका."

ठराव झाला; सगळे खाली बघत होते. माझा नवरासुद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. घरी आल्यावर त्याला विचारलं, तर म्हणाला, "तुझं बरोबर आहे गं. पण रोज तोंड बघायचंय ना त्यांचं."

झेंडावंदनाला मी खाली गेले. झेंडा माझाही आहे, असं म्हणून गेले. साहेब सचोटीवर छान बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात बांधून उभी होते. नंतर जिलेबीची बशी घेऊन ते स्वतःच माझ्याजवळ आले.

"तुमचा आक्षेप कळला मला. मी असल्या गोष्टी मनावर घेत नाही."

म्हणजे त्यांनीच मला माफ केलं होतं. त्याचा संताप दिवसभर डोक्यात राहिला. संध्याकाळी मामांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू बोललीस, ते बरं केलंस."

पुढे साहेब सन्मानाने निवृत्त झाले. परवानगी अजून आलेली नाही. तलाठी चाकणच्या एका कंपनीत गेटवर शिफ्ट करतो.