‘अनफिट’ झाल्यानंतर

“श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.”

आदिलाबादच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून नऊ वर्षं मी हेच बोलत आले. त्या दिवशी हैदराबादच्या सेंटरमध्ये मात्र मीच मशीनला छाती टेकवून उभी होते. आखातात नोकरी लागली होती. इथला राजीनामा देऊन झाला होता. फक्त मेडिकल बाकी होतं.

रिपोर्ट आला. अनफिट.

लहानपणी मला टीबी झाला होता. औषधं पूर्ण केली, बरी झाले. पण फुप्फुसावर व्रण राहिला. त्याला आम्ही स्कार म्हणतो. जखम भरली तरी कातडीवर खूण राहते, तसंच. कुणाला धोका नसतो. पण त्यांच्या नियमात तेवढी खूणही चालली नाही.

घरी आई म्हणाली, “रडू नको पोरी. देवाच्या हाती हाये ना सारं?”

“मंग त्यानं आदीच काऊन नाई सांगितलं?” मी ओरडले.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

माझ्या जागेवर दवाखान्यात दुसरी मुलगी लागली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, “टीबी तपासणीच्या कॅम्पला टेक्निशियन पाहिजे. हातात धरायचं छोटं मशीन आहे. तलमडुगूकडच्या गावांत फिरावं लागेल. जमेल?”

दुसरं काही हातात नव्हतं. हो म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात रेखा आली. वीस-बावीसची, कापूस वेचणं अर्धवट टाकून आलेली. तिच्या एक्स-रेत उजवीकडे वर पांढरा डाग होता. एक्स-रेवरून फक्त शंका येते, खात्री थुंकीच्या तपासणीत होते. ती केली. टीबीच निघाला. पण गोळ्या घेऊन गेलेल्या गावच्या आशाताईंना तिनं दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या मला सोबत घेऊन गेल्या.

“गोळ्या घेतल्या तं होनाऱ्या सासरच्याईले समजते. लगन मोडते माहं,” रेखा म्हणाली.

“नाही घेतल्या तर जीव जाईल.”

“तुमाले बोलाले काय जाते, म्याडम? तुमचं काय मोडलं?”

पेशंटला आपलं रडगाणं सांगू नये, असं आम्हाला शिकवतात. मी सांगितलं. टीबी, स्कार, गेलेली नोकरी, सगळं.

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, “तुमाले झालता?”

“झालता. तुझ्यापेक्षा लहान होते.”

“अन् आता काय करून राह्यल्या?”

“तुझ्यासमोर बसून राह्यले.”

तिला हसू आलं. हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर तिनं गोळ्यांसाठी हात पुढं केला.

परतताना जीपमध्ये मी कित्येक दिवसांनी प्रार्थना केली. “देवा, माझं असं का केलंस ते तू सांगितलं नाहीस. राहू दे. या पोरीला गोळ्यांचे सहा महिने टिकव.”

रेखा टिकली. दुसऱ्या महिन्यात मुलाकडच्यांना कळलं आणि लग्न मोडलं. मला कॅम्पवर गाठून तिनंच सांगितलं, “मोडलं, म्याडम. पन गोळी नाई सोडली म्या.” कोर्स पूर्ण करून ती बरी झाली.

चर्चमधले लोक म्हणतात, तिच्यासाठीच देवानं तुला थांबवलं. असेलही. पण एका पोरीला बरं करायला त्याला माझीच नोकरी घालवावी लागली असती, असं मला वाटत नाही. त्याच्या मनातलं मला कळत नाही. न कळताच मी त्याच्यावर भरवसा ठेवते, आणि कॅम्पच्या आदल्या दिवशी मशीनची बॅटरी स्वतः चार्जिंगला लावते.