बर्फात ठेवलेला नमुना

आमच्या गावात आजही कुणी नातीची चौकशी केली की घरातलं कुणीतरी सांगतं, कोल्हापुरातल्या त्या डॉक्टरीणबाईंनी नमुना नीट काढला नाही, म्हणून पोरीला जादा औषधं सोसावी लागली. ही गोष्ट पहिल्यांदा मी सांगितली. ती खोटी आहे.

मुरगूडजवळच्या आमच्या गावात मी दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. सारी उमर दुधाचे नमुने घेण्यात आणि फॅट काढण्यात गेली. फॅट कमी लागली की सभासद भांडायला यायचे, आणि मी त्यांना सुनवायचो की नमुना घेणाऱ्याला बोल लावू नका, आपली किटली बघा.

नात अकरा वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात उपचार सुरू झाले. आम्ही शिवाजी पेठेत पाहुण्यांकडे उतरलो होतो. पहिल्या टप्प्यातली औषधं संपली, कमरेच्या हाडातला मगज तपासला आणि बाईंनी सांगितलं की सूक्ष्मदर्शकात रोग दिसत नाही. आम्ही पेढे आणले. बाईंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाल्या, दिसत नाही म्हणजे नाहीच असं नसतं. हजारो पेशींत एखादी दडून राहते. ती हुडकायची नवी तपासणी मुंबईत होते. तिथं काही निघालं नाही तर पुढची औषधं सौम्य देता येतील, निघालं तर कडक द्यावी लागतील.

मला याचा रागच आला. बरं झालं म्हणायचं आणि पुन्हा शंका काढायची, हे काय? पण सून म्हणाली, "मामा, बाई म्हणतात तर करूया." सून घरात फारसं बोलत नसे, म्हणून मी तिचा शब्द मोडला नाही.

मगजाचा नमुना मुंबईला पोचवायचं काम मी मागून घेतलं. मुलाची रजा संपली होती आणि नमुना जपून नेणं माझ्याइतकं कुणाला जमणार, असं मला वाटत होतं. बाईंनी जांभळ्या टोपणाची बारकी नळी कापसात गुंडाळून दिली. उन्हात धरू नका, बर्फात घालू नका, नुसती पिशवीत ठेवा, उद्या सकाळी पोचली पाहिजे, असं दोनदा बजावलं. मी मान हलवली.

मे महिना होता. स्टँडवर उभा राहिलो तरी अंगाची लाहीलाही होत होती. मनात आलं, शरीरातून काढलेली वस्तू या उकाड्यात टिकेल कशी? आमचा दुधाचा नमुना बर्फाशिवाय राहिला तर दुपारपर्यंत नासतो. ही डॉक्टर पोरगी पुस्तकं वाचून आलेली, तिला काय कळतंय. शेजारच्या सरबतवाल्याकडून बर्फ घेतला, थर्मासात भरला आणि नळी त्यात खोचली. वाटेत बर्फ वितळला तसा आणखी घेतला. मुंबईत तपासणीच्या खिडकीपाशी पोचायच्या आधी नळी काढून धोतराला पुसली. नळी बर्फात ठेवलेली कुणाला कळू नये असं मला तेव्हाच वाटलं होतं. म्हणजे आतून ठाऊक होतं.

मग वाट बघणं. इकडं नातीची पुढची औषधं सुरू झाली, ती थांबवता येत नव्हती. रोज दवाखान्यात विचारायचं आणि रोज रिपोर्ट अजून आला नाही हेच ऐकायचं. शेवटी बाईंनी सांगितलं, मुंबईत पोचलेल्या नमुन्यातल्या पेशी मेलेल्या निघाल्या, काही वाचता आलं नाही.

"मग दुसरा काढा," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, आता नवी औषधं अंगात गेली आहेत. पहिल्या टप्प्याअखेर काय उरलं होतं, हे आता काढलेला नमुना सांगणार नाही. माहीत नसताना सौम्य औषधांचा धोका त्या घेणार नव्हत्या. कडक औषधं द्यावी लागणार होती.

गावाकडची माणसं भेटायला आलेली होती. त्यांच्यादेखत मी बाईंवर तुटून पडलो. "सुई धराय येत न्हाय, आणि आमच्या पोरीवर शिकताय व्हय?"

त्या चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, नमुना कसा नेला होता?"

"तुम्ही सांगितला तसा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या दुसऱ्या पेशंटकडं वळल्या. सुनेनं माझ्यावर विश्वास ठेवला. गावानंही ठेवला. आमच्या भागातली माणसं आजारी पोरं घेऊन त्यांच्याकडं जाईनाशी झाली. पार गारगोटीपर्यंत ही गोष्ट पोचली होती. पुढं त्या कोल्हापूर सोडून गेल्या.

नात वाचली. पण काही वर्षांनी तिचा खुबा दुखायला लागला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, त्या औषधांनी असं होतं. इतकी का दिली, असं त्यांनी विचारलं आणि पंधरा वर्षांच्या पोरीनं घरात ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. मी शेजारच्या खुर्चीत होतो.

तिला खरं सांगायला मला म्हातारपण यावं लागलं. गेल्या महिन्यात सांगितलं. ती आता नोकरी करते, लंगडत चालते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, बर्फात ठेवला नसता तर सौम्य औषधं मिळाली असती का?"

"सांगता येत न्हाय. त्यात काय निघालं असतं, ते कुणालाच ठाऊक न्हाय."

"मग मला काय मिळालं हे ऐकून?"

मी एवढंच म्हणालो की त्या बाईंची चूक नव्हती.

"मग हे माझ्याजवळ काय बोलतासा? गावात सांगा की."

सुनेला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. बाई कुठं आहेत ते दवाखान्यात कुणाला माहीत नाही, तिथली माणसंच बदललीत. पारावर गेलो तर तिथं मला ऐकून घेतात आणि म्हणतात, वय झालं, काहीबाही बोलतोय. म्हणून हे लिहून काढलं.